धुक्यातली तिसरी हाक

सोलरून जेवताना एक पुस्तक वाचायची, बसमध्ये दुसरं आणि कामावर तिसरं. जेवताना दंतकथा, कारण त्यांच्यावर रश्शाचे डाग पडले तरी तिला चालायचे. बसमध्ये खेळांची जाडजूड नियमपुस्तकं. वीस बाजूंचा फासा टाकून, आपण कुणीतरी वेगळेच आहोत असं धरून चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचे ते खेळ. आणि कामावर इतिहास. आम्ही दोघी समुद्रातल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांमध्ये खाद्य सोडणाऱ्या कंपनीत होतो. दिवसभर पडद्यावर पाण्याखालचे मासे बघायचे आणि खाद्य खाली पडून वाया जायला लागलं की नळी बंद करायची, एवढंच काम. एक डोळा माशांवर ठेवून ती जुन्या पाद्र्यांनी आमच्या बेटांबद्दल लिहिलेलं वाचत असे. कुठला पाद्री कुठे थाप मारतोय हे सापडलं की तिला हसू यायचं, आणि मग मला तो सगळा परिच्छेद ऐकावा लागायचा.

लग्न तिने केलं नव्हतं. आई एल्स्पाबरोबर ती चर्चच्या खालच्या घरात राहायची. उंच, थोडी वाकलेली, चाळिशी ओलांडलेली. गावात तिला कुणी विक्षिप्त म्हणत नसे, कारण स्कारविकमध्ये विक्षिप्त ठरायला बरंच काही करावं लागतं.

रविवारी दुपारी तिच्या मामाच्या जुन्या बोटघरात आमचा खेळ चाले. मी, सोलरून आणि हॉग्नी. हॉग्नी बोगद्यांमधले दिवे आणि पंखे सांभाळतो, बोलायला तिखट. गोष्ट सोलरून सांगायची, आम्ही तिच्यात शिरायचो. तिच्या गोष्टी कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या नसायच्या. आमचेच डोंगर, आमचीच तळी, फक्त तीनशे वर्षांपूर्वीची. ती वर्णन करत जायची, मग थांबून विचारायची, "आता तू काय करतेस?" मी बहुतेक वेळा पळून जायचे.

बार्दुर आमच्यात आला तो ऑक्टोबरमध्ये. दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन, जसा एखादा मयताच्या घरी उभा राहतो तसा. त्याला पाहून हॉग्नीनेसुद्धा खुर्ची सरकवून जागा केली. दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ रेगिन मेंढ्या खाली आणायला डोंगरावर गेला होता आणि धुक्यात नाहीसा झाला होता. समुद्राकडच्या कड्यावर त्याची काठी सापडली, म्हणून सगळा शोध त्या बाजूला झाला. बोटी फिरल्या, माणसं दोरांवरून उतरली. काही मिळालं नाही. चर्चमध्ये शवपेटीशिवाय प्रार्थना झाली, आणि त्या दिवसानंतर बार्दुर चर्चमध्ये गेला नाही.

"बसू का?" त्याने विचारलं.

"बस की," सोलरून म्हणाली. "कॉफी त्या डब्यात आहे. कोण व्हायचंय तुला ते ठरव."

त्याने फार विचार केला नाही. मेंढपाळ, म्हणाला. नाव रेगिन.

मी सोलरूनकडे पाहिलं. तिने कागदावर नाव लिहून घेतलं. नंतर बसमध्ये मी तिला त्याबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली की दुःखाला नाव घ्यायला जागा हवी असते आणि चर्चपेक्षा बोटघर बरं. मला ते पटलं. खरं तर तेव्हा ते खरंही होतं. बार्दुर हळूहळू हसायला लागला होता. वाळवलेल्या मेंढीच्या मांसाचा तुकडा घरून घेऊन यायचा, सुरीने पातळ काप करून सगळ्यांना वाटायचा.

नाताळानंतर सोलरूनने नवी गोष्ट काढली. आमच्या गावाच्या वर एक घळ आहे, तिला राखाडी घळ म्हणतात. लहानपणी आम्हाला सगळ्यांना सांगितलेली गोष्ट अशी की तिथल्या दगडांच्या आत राखाडी कपड्यांची, काळ्या केसांची माणसं राहतात. त्यांची घरं आहेत, गायी आहेत. धुकं उतरलं की ती माणसांना नावाने हाक मारतात, ओळखीच्या आवाजात. पण त्यांना एकाच आवाजात दोनदाच हाक मारता येते. तिसऱ्यांदा हाक आली तरच ती माणसाची समजायची आणि तेव्हाच ओ द्यायची. आधी ओ दिली की गेलात. एक दूध काढणारी मुलगी तशी गेली, असं सांगतात. सोलरूनला एका जुन्या पाद्र्याच्या छापील पुस्तकातली ओळही माहीत होती की त्याच मुलीचं प्रेत वसंतात घळीच्या तळाशी सापडलं आणि तिला पुरलं. ते पुस्तक गावात निम्म्या घरांत आहे. ती ओळ कुणालाच आठवत नाही. गोष्ट सगळ्यांना आठवते.

खेळात हाक मारायचं काम अर्थातच सोलरूनचं. ती उठून बोटघराच्या टोकाला गेली, आमच्याकडे पाठ केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रेगिन."

बार्दुरचा हात टेबलावर होता. तो हलला नाही.

"रेगिन."

बाहेर वाऱ्याने पत्रा वाजत होता. सोलरून वळली आणि तिने नेहमीसारखं विचारलं, "आता तू काय करतोस?"

"थांबतो," बार्दुर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. थंडी इतकी की आम्ही कोट घालून बसलो होतो.

त्या दिवसापासून तो तिच्याकडून पुस्तकं न्यायला लागला. ती त्याला दंतकथा देई आणि त्यांच्याबरोबर मुद्दाम इतिहासही. दंतकथा परत यायच्या त्या पानं मऊ होऊन. इतिहास जसाच्या तसा, कोरा. एकदा कामावर तिला त्याचा फोन आला. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "गोष्टीत तसं म्हटलेलं नाही, बार्दुर." फोन ठेवल्यावर तिने नळी बंद करायची ती केलीच नाही, मी जाऊन केली. मी विचारलं काय झालं. त्याने विचारलं होतं, डोंगराच्या आत ती माणसं जेवतात काय, आणि नेलेल्या माणसाला पोटभर देतात का.

एल्स्पाला हे कुठून कळलं माहीत नाही. स्कारविकमध्ये कळायला फार वेळ लागत नाही. मी त्यांच्या घरी रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा द्यायला गेले होते, तेव्हा म्हातारी लेकीला बोलत होती. ओरडत नव्हती. ती कधीच ओरडत नाही, म्हणून तिची जास्त भीती वाटते.

"मेलेल्या पोराच्या नावाने फासे टाकता तुम्ही," ती म्हणाली. "आणि तू त्याला हाक मारतेस."

"आई, खेळ आहे तो."

"तुझ्यासाठी खेळ. त्याच्यासाठी काय आहे ते विचारलंस कधी?"

सोलरूनने मुरांबा घेऊन फळीवर ठेवला. पण तिने ते मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात तिने बार्दुरला घरी बोलावून पाद्र्याच्या पुस्तकातली ती ओळ वाचून दाखवली. मुलगी पडली होती, मेली होती, सापडली होती. बार्दुरने ऐकून घेतलं आणि म्हणाला की पाद्र्यांना असंच लिहावं लागतं. पुरायला काहीतरी हवं असतं त्यांना. मग त्याने कॉफी संपवली, कप धुऊन ठेवला आणि गेला.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिने गोष्ट संपवायचं ठरवलं. आम्हाला तिने आधी सांगितलं नव्हतं. खेळात आम्ही घळीत उतरलो, दगडांमधून वाट काढत. सोलरूनच्या आवाजात त्या दिवशी रंग नव्हता. तिने सांगितलं की तळाशी एक माणूस पडलेला आहे. मेंढपाळ आहे. बराच काळ झाला आहे. तो रेगिन आहे, आणि तो मेलेला आहे.

हॉग्नी टेबलावरचा फासा बोटाने फिरवत राहिला.

"फासा टाकला नाहीस," बार्दुर म्हणाला.

"इथे फाशाचं काम नाही."

"प्रत्येक वेळी टाकतेस. दार उघडायचं असलं तरी टाकतेस. हे तू ठरवलंस. फाशाने नाही."

तो उठला, कोट चढवला, मांसाचा उरलेला तुकडा तिथेच ठेवून गेला. त्यानंतर तो बोटघरात आला नाही. सोलरूनच्या फोनला तो उत्तर देई, पण हवापाण्याचं बोले. मे महिन्यात मी त्याला वरच्या कुरणाच्या भिंतीजवळ उभं राहिलेलं पाहिलं. मेंढ्या दुसऱ्या बाजूला होत्या. तो घळीच्या दिशेने बघत होता आणि त्याने कान टोपीच्या बाहेर काढले होते.

जुलैच्या मध्यावर धुकं आलं. आमच्याकडे धुकं येतं ते समुद्रावरून, आणि काही वेळा दिवसभर बसून राहतं. त्या दिवशी सकाळी चर्चचा मनोरा दिसत होता, दुपारी माझ्या अंगणातली मेंढी दिसत नव्हती. बार्दुरच्या शेजारणीने फोन केला की तो पहाटे निघालाय, गाडी खडीच्या रस्त्याच्या टोकाला उभी आहे आणि इंजिन थंड आहे.

बचाव पथकात हॉग्नी आहेच. त्यांनी गावातल्या लोकांनाही बोलावलं. आम्ही ओळीने, एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, भिंतीपासून वर चढायला लागलो. सोलरून माझ्या उजवीकडे होती. पद्धत अशी की ज्याने त्याने एकदा किंवा दोनदा हाक मारायची, थांबून ऐकायचं, पुढे सरकायचं. "बार्दुर." शांतता. पुढे. ओल्या गवतावर पाय सरकत होते. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. माझ्याच डावीकडचा माणूस मला खालून बोलल्यासारखा वाटत होता. एकदा मला माझं नाव ऐकू आलं असं वाटलं, आणि मी ओ द्यायला तोंड उघडून मिटलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

दोन तास असेच गेले. घळीच्या वरच्या कडेवरून ओळ पुढे गेली. हॉग्नी दोन हाका मारून सरकला, त्याच्या मागून दुसरा. पथकप्रमुख म्हणाला की इथे असता तर एव्हाना ओ दिली असती, आता समुद्राच्या बाजूला वळू.

सोलरून थांबली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त लाल कोट दिसत होता.

"तो देणार नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तो ऐकतोय गं. ऐकतोय आणि मोजतोय. आपल्यापैकी एकानेही तीनदा हाक मारलेली नाही."

मग ती कडेला गेली. मी तिच्या कोटाचा पट्टा पकडला, कारण पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. तिने हाक मारली. थांबली. पुन्हा मारली. हॉग्नी कुठून तरी ओरडला की ओळ सोडू नका. ती थांबली, आणि त्या थांबण्यात मला वाटलं की तिला तिसरी हाक मारायची भीती वाटते आहे.

"बार्दुर."

खालून, अगदी जवळून, बोलल्यासारखा आवाज आला. "इथे."

तो घळीतल्या खडकाच्या एका अरुंद टप्प्यावर पडला होता, घोटा मोडलेला, ओठ निळे. पथकाने त्याला दोरांवरून वर काढलं. हॉग्नी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून शिव्या देत होता आणि शिव्या देता देता त्याचे हात चोळत होता. बार्दुर त्याला एवढंच म्हणाला की मघाशी तू दोनदाच ओरडलास, मला वाटलं तो तू नाहीस.

दुसऱ्या आठवड्यात मी आणि सोलरून इस्पितळात गेलो. तो उशीला टेकून बसला होता, दाढी केलेली, एखाद्या लांबच्या प्रवासाहून आल्यासारखा. सोलरूनने माफी मागायला सुरुवात केली. त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"तुझा काही संबंध नाही," तो म्हणाला. "मला हाक आली म्हणून मी गेलो."

"कुणाची?"

"रेगिनची. मी भिंतीपाशी होतो. घळीतून आली."

सोलरूनने खुर्चीची कड धरली. "बार्दुर, किती वेळा?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं आपण उगाच विचारणाऱ्या माणसाकडे पाहतो. "तीन," तो म्हणाला. "नाहीतर गेलो असतो का?"

हवा निवळल्यावर हॉग्नी आणि आणखी दोघं घळीत उतरले. बार्दुरने हट्टच धरला होता, आणि त्याला गप्प करायला म्हणून ते गेले. त्या टप्प्याच्या बरंच खाली, जिथे ओढा मोठ्या दगडांच्या पोटात शिरतो, तिथे त्यांना बुटात अडकलेली हाडं मिळाली, कमरेचा पट्टा आणि सुरी मिळाली. सुरीच्या मुठीवर रेगिनच्या आजोबांच्या नावाची अक्षरं होती.

ऑगस्टमध्ये त्याला पुरलं, या वेळी पेटीसकट. बार्दुर कुबड्या घेऊन चर्चमध्ये आला, पहिल्या बाकावर बसला, सगळी गाणी म्हणाला. रेगिनचं ओझं त्याच्या खांद्यावरून उतरलं हे कुणालाही दिसत होतं. आता तो बरा आहे. पुढच्या वर्षी बोट घेणार आहे म्हणतो.

बदलली ती सोलरून. कबरस्तानातून परतताना तिने मला समजावून सांगितलं, स्वतःलाच समजावल्यासारखं. त्या उतारावर धुक्यात चालणारा माणूस आपोआप उतरणीकडे ढळतो, आणि उतरण घळीकडेच जाते. दूध काढणारी मुलगी तशीच गेली असणार, रेगिन तसाच गेला. काठी आधीच कड्यावर हातातून सुटली असेल. गोष्ट म्हणजे त्या जागेची खूण आहे, लोकांनी भीतीत गुंडाळून ठेवलेली. एवढंच.

"आणि बार्दुरला आलेल्या तीन हाका?" मी विचारलं.

"ते मला कुठे वाचलेलं आठवत नाही," ती म्हणाली.

खेळ बंद झाला. हॉग्नीने सरळ सांगितलं, "मी बोगद्यात एकटा काम करतो गं. मला तिथे कुणाचा आवाज ऐकू यायला नको." दुकानात लोक सोलरूनशी आधीपेक्षा नीट बोलायला लागले, आणि ते तिला आवडेना. लहान मुलांना आया तिच्यापासून जरा बाजूला घ्यायच्या. म्हाताऱ्या मात्र मुद्दाम तिच्या घरावरून जाऊ लागल्या. चर्चच्या पाद्र्याने तिला बोलावून विचारलं की असं नक्की काय झालं होतं. ती म्हणाली, मी फक्त हाक मारली.

जेवताना ती आता वाचत नाही. बसमध्ये खिडकीबाहेर बघते. इतिहास तेवढा उरला, पण तोही ती पूर्वीसारखा वाचत नाही. पूर्वी पाद्र्याची थाप सापडली की ती हसायची. आता त्यातल्या एखाद्या जुन्या दंतकथेत कुणी नाहीसं झालेलं आलं की ती नकाशा काढते, बोटाने उतार कुठे जातो ते बघते, आणि पुस्तक मिटून ठेवते.

सप्टेंबरच्या एका शनिवारी मी तिच्याकडे बसले होते, तेव्हा दार वाजलं. दक्षिणेच्या बेटावरून एक बाई आली होती, बिर्ना नावाची, बोटीने आणि मग बसने. हातात झाकलेला केक. तिने कोट काढला नाही. तिचा मुलगा चार वर्षांपूर्वी फिरायला म्हणून गेला तो परत आला नाही. पोलीस म्हणतात समुद्र. तिने फोनवरचा फोटो टेबलावर ठेवला. लालसर केसांचा, हसरा मुलगा, हातात मासा.

"तुझ्या पुस्तकांत बघ ना," ती म्हणाली. "आमच्या गावावर पण गोष्टी आहेत. त्याची कुठली असेल ती शोध."

सोलरून फार मवाळपणे म्हणाली की मला काही येत नाही. मी फक्त वाचते.

"मग वाच."

मला वाटलं सोलरून तिला कॉफी पाजून बसवर बसवून येईल. ती उठलीही. खिडकीपाशी गेली, बाहेर पाहिलं, मग पुस्तकांच्या फळीपाशी गेली आणि तिथे हात ठेवून उभी राहिली. एल्स्पा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने लेकीकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. सोलरूनने ते पाहिलं. मला नक्की माहीत आहे की तिने पाहिलं.

मग तिने बिर्नाच्या समोरची खुर्ची ओढली, बसली आणि विचारलं, "त्या दिवशी धुकं होतं का?"

बिर्ना रडायला लागली आणि बोलायला लागली, दोन्ही एकदम. मी कोट घेऊन बाहेर पडले. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

काल एल्स्पा दुकानात भेटली. नेहमीपेक्षा जास्त कॉफी घेत होती. पाहुणे येणार का, मी विचारलं. पुढच्या शनिवारच्या बोटीने दोघं येताहेत, ती म्हणाली, नवराबायको, आणि त्यांच्यानंतर आणखी एक जण. तिने सुटे पैसे पाकिटात टाकले, पिशवी उचलली आणि मला विचारलं की तुझ्याकडे जास्तीच्या खुर्च्या आहेत का.